दगडाखालची नदी

पंख्याच्या वायंडिंगला ३६ नंबरची तार चालते. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात पाण्याच्या मोटारी सतत जळत असतात, त्यामुळे गावोगावी रिवायंडिंगचं दुकान असतंच. अशा दुकानात रिळाच्या तळाशी उरलेली वार-दोन वार तार कुणाच्या कामाची नसते. मी ती मागून आणतो. तांब्याची, तपकिरी मुलाम्याची, जाडीला ०.१९ मिलिमीटर, म्हणजे केसाहून जाड. या तारेनं मी हिवाळ्यातल्या रात्री एक किडा बांधतो. किडा खोटा असतो, पण तो ज्याच्यासारखा दिसायला हवा तो खरा किडा कोयनेच्या किंवा वेण्णेच्या थंड पाण्यात, गोट्याच्या खालच्या अंगाला चिकटून बसलेला असतो.

याला इंग्रज ‘निम्फ’ म्हणतात. पाण्यात अंडी घालणाऱ्या कीटकांची ही पिल्लावस्था. मेफ्लाय नावाचा नाजूक उडता किडा पंख फुटल्यावर एखाद-दोन दिवसच जगतो, पण त्याआधीचे कित्येक महिने तो निम्फ होऊन दगडाखाली काढतो. चतुराचं पिल्लूही असंच, फक्त ते शिकारी. खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा पुढे फेकून ते भक्ष्य धरतं. कॅडिस नावाच्या किड्याची अळी तर वाळूचे कण रेशमानं जोडून स्वतःसाठी नळीसारखं घर बांधते. मासा वर्षातले बहुतेक दिवस यांच्यावर जगतो. पाण्याच्या वर उडणारं भक्ष्य त्याला कधीमधी मिळतं, दगडाखालचं मात्र रोज असतं.

लहानपणी गरीला गांडूळ लावून आम्ही कृष्णेत मासे धरायचो. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात, आणि तिच्या दोरीला तंगूस. कणकेची गोळी, शिळ्या भाताचा गोळा, कधी झिंगा. बूच बुडालं की ओढायचं. त्या गरीत कौशल्य होतं ते डोह ओळखण्याचं. पाणी कुठं थबकतं, सावली कुठं पडते, शिंगटा कुठं येतो हे काठावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असायचं. कृष्णाकाठच्या एका भोई काकांनी मला एकदा सांगितलं होतं, ‘‘बाळा, वर खेळतोय तो मासा खेळतोय. खातोय तो खाली.’’ मला ते वाक्य पुष्कळ वर्षांनी कळलं, निम्फ बांधायला बसलो तेव्हा.

*

बांधायला काय लागतं? छोटा शिकंजा, धागा, कात्री, गळ, मणी आणि तार. पण या सगळ्यात बोलण्यासारखा आहे तो गळ. साधा गळ सरळ दांड्याचा असतो. जिग गळाचा दांडा तंगूस ओवायच्या डोळ्याजवळ एकदम वर वळवलेला असतो, बहुधा ६० अंशांत. त्या वळणावर जड मणी बसला की गळ पाण्यात उलटा होतो आणि टोक आभाळाकडे जातं. हीच सगळी युक्ती. सह्याद्रीच्या नद्यांचा तळ कातळाचा. खाचा, कपारी, रांजणखळगे, त्यात अडकलेली मुळं. सरळ गळ तळाला टेकला की पहिल्याच खाचेत अडकतो, तंगूस तुटते, आणि काही दिवसांनी तोच गळ एखाद्या म्हशीच्या पायात जातो. उलटा चालणारा गळ तळावरून घासत जातो, बहुतेक वेळा सुटतो. कातळाच्या नदीला ही वस्तू जणू माप घेऊन केल्यासारखी आहे.

आता मणी. टंगस्टनचा असतो, आणि एका बाजूनं खाच पाडलेला. ती खाच नसती तर वळलेल्या दांड्यावर मणी नीट बसलाच नसता, वाकडा राहिला असता. लहान भोक पुढे ठेवून गळाचं टोक त्यात घालायचं, मणी फिरवत डोळ्यापर्यंत आणायचा, खाच गळाच्या पोटाकडे वळेल असा. मग मण्यामागं शिसं नसलेल्या तारेचे पाच-सहा वेढे देऊन ते मण्याच्या पोकळीत ढकलायचे. मणी हलायचा बंद होतो. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३, पितळेची साधारण साडेआठ. दोन-अडीच मिलिमीटरचा टंगस्टनचा मणी पितळेच्या तेवढ्याच मण्यापेक्षा दुपटीहून जड भरतो, आणि किड्याचा आकार मात्र वाढत नाही. वेगानं वाहणाऱ्या पाण्यात एवढा फरक पुरतो. हलका किडा प्रवाहात तरंगत माशांच्या डोक्यावरून निघून जातो, जड किडा दोन हातांत तळाला पोचतो.

शिशाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्ये गळाच्या शिशाच्या बारक्या गोळ्या खाऊन हंस मरत होते. १९८७ साली तिथं लहान वजनाच्या शिशावर बंदी आली. आपल्याकडे तंगुसाला शिशाची पट्टी गुंडाळणं हे सर्रास चालतं, आणि तुटलेली पट्टी नदीतच राहते. टंगस्टनचा मणी महाग आहे, बाहेरून मागवावा लागतो, तरी मी शिसं वापरायचं थांबवलं आहे.

मण्यानंतर शेपटी. गावठी कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे तीन-चार ताठ केस. मेफ्लायच्या बहुतेक निम्फांना तीन शेपट्या असतात म्हणून तीन पुरे. मग अंग. इथं मी काळी लोकर वापरतो, आणि ती येते माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातून. डेक्कनी मेंढीची लोकर, जिची घोंगडी होते. मोकळी लोकर बोटांत घेऊन मेण लावलेल्या धाग्यावर पिळायची, दोरा बारीक केसाळ होतो, तो दांड्यावर गुंडाळत पुढं यायचं. शेपटीकडे बारीक, मण्याकडे जाड. जास्त लोकर घेतली की किडा गोंड्यासारखा फुगतो आणि बुडत नाही, हा माझा पहिल्या वर्षाचा नेमका दोष. मग त्यावरून ती पंख्याची तांब्याची तार, अंतर ठेवून, सर्पिल. निम्फाच्या पोटाला जोड असतात ते तारेनं दिसतात. शेवटी मण्यामागं थोडी लोकर विंचरून मोकळी सोडायची, हे पाय. गाठ मारायची, धागा कापायचा, वार्निशचा एक थेंब.

पंचवीस मिनिटं लागतात. हात बसला की दहा. तयार झालेली वस्तू तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी असते, आणि पाण्यात टाकून बघितली की ओल्या लोकरीचे केस असे हलतात की क्षणभर ती जिवंत वाटते.

*

लोकर आणि तार यांची जोडी मी शोधलेली नाही. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा नदी-राखणदार होता. नदीची देखभाल हेच त्याचं काम. त्यानं फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे केस आणि तांब्याची तार, एवढ्याच दोन गोष्टींत निम्फ बांधला. धागासुद्धा नाही. तारच धागा, तारच वजन. पाय त्यानं मुद्दाम लावले नाहीत, कारण पोहताना हा निम्फ पाय अंगाशी घेतो हे त्यानं पाण्यात डोळे लावून पाहिलं होतं. १९५८ साली त्याचं ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक निघालं. त्याचा दुसरा किडा रफू करायच्या लोकरीचा होता, चॅडविक कंपनीची ४७७ क्रमांकाची. ती लोकर बनणं बंद झाल्यावर तिचे जुने पत्ते गोळा करणारे लोक निघाले, आणि ती सोन्याच्या भावानं विकली जाऊ लागली. मला त्या लोकरीचं कौतुक आहे, पण आपल्या घोंगडीच्या काळ्या लोकरीपेक्षा ती चांगली असेल असं वाटत नाही. मेंढीची लोकर तेलकट असते, भिजायला थोडा वेळ घेते, म्हणून आधी बोटानं पाण्यात चोळून घ्यावी लागते, एवढंच.

सॉयरच्या आधी जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलानं इचेन नदीवर हा मार्ग धरला होता. १९१० सालच्या त्याच्या पुस्तकानं इंग्रज गळवाल्यांत खळबळ उडवली, कारण तोवर पाण्यावर तरंगणाऱ्या खोट्या माशीनंच मासा धरावा असा दंडक होता. पाण्याखाली किडा सोडणं त्यांना कमीपणाचं वाटे. मासा मात्र त्या दंडकानं चालत नव्हता.

जड मण्याचा जिग गळ पुढे आला तो मात्र वेगळ्या वाटेनं. १९८०च्या दशकात पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या लोकांनी उतारावरच्या पाण्यात जड निम्फ तळाशी, जवळच, ताणलेल्या दोरीवर खेळवायची पद्धत बसवली. जागतिक माशी-गळ स्पर्धांत दोरीला वेगळं वजन बांधायला मनाई आहे, म्हणजे वजन किड्याच्या पोटातच लपवावं लागतं. गळही बिनकाटेरी लागतो. या नियमांतूनच मण्यावर आणि गळावर इतकी मेहनत झाली. आज जगभर ही पद्धत चालते. तिला महाग रॉड, लांब फेक, भारी रील लागत नाही. किड्याचं वजनच दोरी पुढे नेतं. म्हणूनच ती आपल्याकडे गरिबातल्या गरीब मुलाला जमण्यासारखी आहे. सह्याद्रीत मिळणाऱ्या चिव्याच्या दहा फुटी काठीला तेवढीच तंगूस बांधली की झालं. जपानमध्ये असंच बिनरिळाचं गळ टाकणं डोंगरातल्या लोकांनी शतकानुशतकं केलेलं आहे.

या सगळ्या कलेत एक दुखरी जागा आहे, आणि ती आपल्या जंगलाची आहे. विलायतेत सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या नटव्या माश्यांवर एक पीस हमखास असे: राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरचं, ज्याच्या टोकाला मेणाचा पिवळसर थेंब ओतल्यासारखा ठिपका असतो. हा कोंबडा फक्त भारतात होतो, कोयनेच्या, महाबळेश्वरच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकू येते. त्या ठिपक्यापायी त्याच्या मानेचं कातडं पिढ्यान्‌पिढ्या परदेशी गेलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला आता संरक्षण आहे. गावठी कोंबड्याची मान असताना रानकोंबड्याच्या पिसाला हात लावायचं कुणाला कारणच नाही.

*

आपल्या नदीत काय आहे, ते १८३९ साली एका इंग्रजानं लिहून ठेवलं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स त्याआधी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. पुण्याभोवती, भीमा आणि तिच्या उपनद्यांत त्यानं मासे पाहिले आणि त्यांची नावं इथल्या माणसांच्या तोंडून घेतली. मग त्यानं त्याच नावांना लॅटिन वेष चढवला. निळ्या परांच्या महाशीरला ‘खुदरी’ म्हटलं, ते आजही ‘टोर खुदरी’ आहे. शिंगटीचं ‘सींगटी’ झालं आणि आजही तिचं शास्त्रीय नाव ‘मिस्टस सींगटी’ आहे. ‘कोळस’चं ‘कोलस’, तसंच ‘मल्ल्या’चं ‘गारा मुल्ल्या’. नाकावर खाच असलेल्या माशाचं नाव त्यानं ‘नुक्ता’ लिहिलं, तो आपला नकटा. जगातला कुठलाही मत्स्यतज्ज्ञ या माशांचा उल्लेख करताना नकळत मराठी बोलतो. ज्या भोयानं, ज्या कोळ्यानं साइक्सला ही नावं सांगितली, त्याचं नाव मात्र त्या लेखनात नाही.

कृष्णेला हे मासे परके नाहीत. भीमा शेवटी कृष्णेतच मिळते. कोयना नदीत केलेल्या शास्त्रीय पाहणीत माशांच्या ५० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या. महाशीर हा यांतला राजा: जाड ओठ, तोंडाला मिशांच्या दोन जोड्या, मोठ्या खवल्यांचं अंग. त्याची अंडी कृत्रिम रीतीनं फलवण्याचं काम डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केलं, त्यांचा लेख १९७१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला. लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात याच्या पिल्लांची पैदास होते. इथली पिल्लं दूर कावेरीतही सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर मागं सरला. चांगल्या हेतूनं सोडलेला मासाही दुसऱ्या नदीला पाहुणा होत नाही, मालक होऊन बसतो. महाडजवळ वाळण कोंडीला तर देवीच्या नावानं महाशीर राखला जातो, लोक खायला घालतात, धरत कुणी नाही. मासा जगवायचा हा जुना, साधा मार्ग.

*

थंडीत एका सकाळी मी पाटणच्या खाली कोयनेच्या काठावर गेलो. कोयना धरणातल्या पाण्यापैकी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येतं, बाकीचं पूर्वेला कराडकडे येतं. त्यामुळे नदीचा स्वभाव आकाशाप्रमाणे नाही, दरवाजाप्रमाणे बदलतो. पाणी गुडघाभर आहे म्हणून आत गेलात आणि वरून सोडलं तर ते कमरेला लागायला वेळ लागत नाही. काठापासून हातभर आतच उभं राहायचं हा माझा नियम.

पहिलं काम गळाचं नसतं. मी एक गोटा उचलला, नारळाएवढा. खालच्या अंगाला चपट्या पाठीचे चार निम्फ सैरावैरा धावले, पाण्यावेगळे झाले तशी त्यांची गळून पडल्यासारखी गत झाली. पाठीवर गवती तपकिरी रंग, पोट फिकट. एक वाळूची नळी होती, तिच्यात कॅडिसची अळी. मी माझ्या डबीतला किडा बाहेर काढून दगडाशेजारी धरला. माझा काळा फार काळा होता. दुसरा होता, तपकिरी, कोंबड्याच्या पिसाच्या लालसर केसांचा. तो जुळला. गोटा जिथून घेतला तिथं, त्याच अंगानं परत ठेवला.

मग चिव्याची काठी. खळाळ संपून डोह सुरू होतो त्या रेषेवर किडा सोडला. तंगूस सरळ, काठीचं टोक प्रवाहाच्या गतीनं न्यायचं, ना पुढं ना मागं. पहिल्या दोन फेकांत किडा कातळाला घासून गेला. उलटा गळ असल्यानं सुटला. तिसऱ्यात तंगूस थांबली. कातळाला अडकली की ती मेल्यासारखी थांबते, मासा घेतो तेव्हा ती किंचित बाजूला सरकते. सरकली. मी मनगट उचललं.

वीतभर कोळस होता. चांदीसारखा, तोंड खालच्या बाजूला, कातळ चाटायला केल्यासारखं. बिनकाटेरी गळ ओठातून नुसत्या बोटानं निघाला. ओल्या हातात धरून प्रवाहाकडे तोंड करून ठेवला, कल्ले दोन-तीनदा उघडले, आणि तो गेला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत कोळस असुरक्षित जातींत मोडतो. तो मासा धरायचा की नाही हा प्रश्न मला त्या सकाळी पडला होता, आणि खाण्यासाठी कोळस धरणार नाही हे उत्तर तिथंच ठरलं.

कुणी जाणार असेल तर तीन गोष्टी सांगतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत, त्यात गळ टाकायचा नाही. जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आधी त्यांना विचारायचं, कारण तो त्यांचा पोटाचा धंदा आहे आणि आपला छंद. आणि भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, तिथं पाण्यात उतरायचं नाही, काठावरही सांभाळून बसायचं.

*

कराडला कोयना येऊन मिळते त्या प्रीतिसंगमाखाली कृष्णा मोठी होते आणि दगड हळूहळू कमी होत जातात. पुढं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, साचलेलं पाणी, गाळ, वाळूउपसा. निम्फाला वाहतं पाणी आणि स्वच्छ दगड लागतात. गाळ बसला की दगडाखालची फट बुजते आणि त्याचं घर जातं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस या तिघांची संख्या मोजून नदीचं आरोग्य ठरवण्याची पद्धत शास्त्रज्ञ जगभर वापरतात, कारण प्रदूषण आलं की हे सगळ्यात आधी नाहीसे होतात, मासे नंतर. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. माझी खात्री आहे, त्या पाण्यात दगडाखाली काही उरलं आहे का ते पाहायला कुणी वाकलं असतं तर नदीनं ते आधीच सांगितलं असतं.

आणखी एक घाण आपली आपणच करतो. जिलेटीन लावून, विष टाकून मासे मारणं. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानं स्फोटक आणि विष दोन्हींवर मनाई आणली. सव्वाशे वर्षं उलटली. मे महिन्यात ओढ्याचे डोह आटले की हे अजूनही होतं. एका स्फोटात मरतो तो मोठा मासा, त्याची पिल्लं आणि त्यांचं पुढच्या वर्षीचं अन्न, सगळं एकदम.

एक निम्फ बांधायला मला पंचवीस मिनिटं लागली आणि त्या पंचवीस मिनिटांत मला नदीबद्दल जेवढं कळलं तेवढं तीस वर्षं बुचाकडे बघत बसून कळलं नव्हतं. किडा बांधणारा माणूस आधी दगड उचलतो. त्याला तो कसा आहे, किती पाय, कोणता रंग, हे बघावंच लागतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळी झाली की पाणी निवळतं, नद्या उतरतात. गाव कुठलंही असो, जवळच्या वाहत्या पाण्याशी एक सकाळ जा. गळ नको, काठी नको. खळाळातले तीन गोटे एकेक करून उचला, खालच्या अंगाला काय आहे ते वहीत लिहा, तारखेसह, आणि गोटे होते तसेच परत ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात परत जा.